एरंडाची बाजू

मराठी भाषेनें एरंडास कधीं मानाचें पान वाढलें नाहीं. 'ओसाड गांवीं एरंड बळी' ही म्हण आपण लहानपणापासून ऐकतों. जेथें खरा वृक्ष नाहीं तेथें एरंडहि वृक्ष म्हणून मिरवतो, असा तिचा आशय. निष्फळ व लांबलेल्या बडबडीस आपण 'एरंडाचें गुऱ्हाळ' म्हणतों. वडीलधाऱ्या पिढीस तर एरंडाचें नांव काढतांच नाक दाबून घ्यावें लागणारें एरंडेल आठवतें. ज्याची म्हणींत थट्टा आणि जिभेवर धास्ती, अशा या झाडाची बाजू मांडण्यास कोणी तरी उभें राहिलें पाहिजे. तें काम या अंकापुरतें मीं अंगावर घेतलें आहे.

त्यास निमित्तहि तसेंच आहे. भिंतीच्या कडेस, पडीक जागेंत, राडारोड्याच्या ढिगावर एरंड आपोआप उगवतो. त्याच्या बिया विषारी असतात हें आतां बहुतेक सुशिक्षित घरांत ठाऊक आहे. म्हणून मुलांचा वावर असेल तेथून हीं झाडें मुळासकट उपटून टाकावीं, असें पुष्कळ पालक म्हणतात. ही मागणी मायेपोटीं आलेली आहे. तिचा उपहास करणें मला शोभणार नाहीं. परंतु तिचा अर्धाच भाग मला मान्य आहे. कोणता अर्धा मान्य व कोणता अमान्य हें सांगण्यापूर्वीं या झाडाची ओळख करून देणें अवश्य आहे. कारण ज्याची ओळख नाहीं त्याचा न्याय करणें बरें नव्हे.

एरंड मूळचा आपल्या देशांतला नव्हे, हें ऐकून पुष्कळांस नवल वाटेल. त्याचें माहेर आफ्रिका खंडाच्या ईशान्य भागांत, इथिओपियाच्या बाजूस आहे. प्राचीन मिसर देशांतील थडग्यांत एरंडाच्या बिया सांपडल्या आहेत. आणि ख्रिस्तपूर्व पांचव्या शतकांतील ग्रीक इतिहासकार हेरोडोटस यानें, मिसरी लोक 'किकी' नांवाचें हें तेल दिव्यांत जाळतात व अंगास लावतात, असें लिहून ठेविलें आहे. आपल्याकडे तो इतक्या पुरातन काळीं आला कीं, त्याचें परकेपण कोणाच्या ध्यानांतच राहिलें नाहीं. आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथांत त्यास मानाचें स्थान आहे. पंजासारख्या पानावरून 'पंचांगुल' व 'गंधर्वहस्त', आणि वातविकारावरील गुणामुळें 'वातारि', अशीं सुंदर नांवें संस्कृत भाषेनें त्यास दिलीं.

आपल्या पुण्यांत तर या पाहुण्याच्या नांवें एक सबंध वस्ती आहे. 'एरंडवणें' या शब्दांतच एरंडाचें वन दिसतें. आज तेथें १९२४ सालीं स्थापन झालेलें विधि महाविद्यालय आहे. कोल्हापुराहून १९३३ सालीं पुण्यास आलेल्या प्रभात कंपनीच्या जुन्या आवारांत चित्रपटकलेचें शिक्षण देणारी संस्था आहे. आणि बाकीची जमीन घरांनीं व्यापिली आहे. ज्याचें नांव त्या जागेस मिळालें तो एरंड मात्र आतां मुठेच्या कांठीं, पुलांच्या आडोशास, कोणाच्या हिशेबांत न राहतां वाढतो.

पवित्र शास्त्र वाचणाऱ्या मुलांस एक गोष्ट सांगण्याजोगी आहे. योनाच्या पुस्तकांत निनवे नगराबाहेर बसलेल्या त्या संदेष्ट्यावर सावली करणारें, एका रात्रींत वाढलेलें व किड्यानें खाल्ल्यामुळें सुकून गेलेलें जें झाड आहे, त्याचें इब्री नांव 'किकायोन'. मिसरी 'किकी' शब्दाशीं असलेल्या साम्यावरून तो एरंडच असावा, असें अनेक पंडितांचें मत आहे. जुन्या भाषांतरांत त्यास भोपळ्याचा वेल म्हटलें होतें. पुढें जेरोमनें लॅटिन भाषांतरांत तो शब्द बदलून आयव्ही नांवाच्या दुसऱ्याच वेलीचें नांव घातलें. तेव्हां उत्तर आफ्रिकेंतील एका मंडळींत तें वाचन ऐकतांच लोकांनीं मोठा गोंधळ केला, असें ऑगस्टिननें जेरोमला पत्रानें कळविलें. ज्या खंडांत एरंड जन्मला, त्याच खंडांत त्याच्या नांवावरून हें भांडण व्हावें, ही मौज आहे. शब्दाबद्दल जितका आग्रह आपण धरतों, तितका डोळे उघडून झाड पाहण्याबद्दल धरीत नाहीं.

तर आतां झाडच पाहूं. एरंडाचें पान उघडलेल्या हातासारखें, बहुधा पांच ते अकरा बोटांचें असतें. फुलांचा घोस उभा येतो; त्यांत वरच्या बाजूस तांबड्या केसरांचीं मादीफुलें व खालच्या बाजूस पिवळसर नरफुलें, अशी एकाच घोसांत दोहोंची सोय असते. पराग बहुतांशीं वारा नेतो. फळ कांटेरी व तीन कप्प्यांचें. वाळलें कीं तें तडकतें व बिया दूर फेंकतें. बीच्या टोकास एक लहानशी मऊ गांठ असते. तिच्या लोभानें मुंग्या बी ओढून नेतात, गांठ खातात व बी टाकून देतात. भिंतीच्या फटींत एरंड कोणी लावला, या प्रश्नाचें उत्तर पुष्कळदां मुंगी हेंच असतें. बीचा ठिपकेदार आकार गोचिडीसारखा दिसतो, म्हणून लॅटिन भाषेंत गोचिडीचा वाचक असलेला 'रिसिनस' हा शब्दच या झाडाचें शास्त्रीय नांव झाला. एका घोसांत इतके धडे क्वचितच दुसऱ्या झाडाजवळ मिळतील. आणि त्यासाठीं पैहि मोजावी लागत नाहीं.

त्याची लागवडहि अवघड नाहीं. पावसाळ्याच्या आरंभीं बी रात्रभर पाण्यांत भिजवून दोन बोटें खोल पेरावी. साधारण पंधरवड्यांत अंकुर वर येतो. जागा उन्हाची हवी. सावलींत झाड लुकडें राहतें. जमीन हलकी चालेल, परंतु मुळाशीं पाणी सांचतां कामा नये. पुण्याच्या काळ्या चिकण मातींत लावावयाचें झाल्यास थोडी वाळू व कुजलेलें खत मिसळून वाफा उंच करावा. दोन झाडांत चार-पांच फुटांचें अंतर ठेवावें, कारण एका हंगामांतच तें मुलाच्या डोक्यावर जातें. मूळ खोल जात असल्यानें एकदां रुजल्यावर त्यास पाण्याची ओढ सोसते. वाऱ्याच्या जागीं काठीचा आधार द्यावा. पानांवर उंटअळी पडते. ती थोडी असतांच वेंचून काढावी. मात्र एरंडाच्या पानांवरच वाढणारें एक तपकिरी, नागमोडी रेघांचें लहान फुलपांखरूं आहे. त्याच्या अळ्यांस चार पानें सोडावीं. आसामांत तर एरंडाच्या पानांवर रेशमाचे किडे पाळतात, आणि त्या रेशमाचें 'एरी' हें नांवहि एरंडावरूनच पडलें आहे.

आतां विषाविषयीं; येथें मी कांहींहि सौम्य करून सांगणार नाहीं. एरंडाच्या बींत 'रिसिन' नांवाचें अत्यंत जहाल विष असतें. सबंध गिळलेली बी पुष्कळदां अपाय न करतां बाहेर पडते. परंतु चावून फोडलेल्या थोड्या बियाहि लहान मुलाच्या जिवावर बेततात. उलटी, जुलाब, पोटांत कळा हीं लक्षणें कित्येकदां कांहीं तासांनीं दिसूं लागतात, म्हणून 'मूल आतां तर बरें आहे' या समाधानांत राहणें घातक होय. या विषावर उतारा नाहीं. बी तोंडांत गेल्याचा संशय आला तरी घरगुती उपायांत वेळ न दवडतां, उरलेली बी बरोबर घेऊन, मुलास तडक रुग्णालयांत न्यावें. हें विष तेलांत उतरत नाहीं. तें पेंडींत राहतें. गुलाबाच्या कुंड्यांस खत म्हणून एरंडीची पेंड घालणाऱ्या गृहस्थांनीं ती पोत्यांत बंद ठेवावी. ती खाऊन कुत्रीं व गुरें दगावतात.

इतकें भयंकर झाड, तर मग उपटूनच कां टाकूं नये? याचें माझें उत्तर असें. बालवर्गाचीं मुलें जेथें खेळतात, तेथून तें खुशाल उपटावें. किंबहुना उपटलेंच पाहिजे. जें मूल हातांत येईल तें तोंडांत घालतें, त्यास उपदेश हें संरक्षण नव्हे. मागणीचा हा अर्धा भाग मला पूर्ण मान्य आहे. परंतु दहा-बारा वर्षांच्या मुलाच्या दृष्टीआडहि एरंड करावा, हें मला मान्य नाहीं. कारण एरंड उपटला तरी फाटकाजवळची कण्हेर उरते. रस्त्याच्या दुभाजकांतील पिवळी कण्हेर उरते. उकिरड्यावरचा धोत्रा, कुंपणाचा शेर, वेलीवरची तांबडी गुंज उरते. हीं सर्व विषारी आहेत. सर्व पुणें कोणी निंदून काढणार आहे काय? शाळेच्या भिंतीआंत निर्धास्त वाढलेला मुलगा सुटींत नदीकांठीं जाईल, ठिपकेदार सुंदर बिया पाहील, आणि त्या काय आहेत हें त्यास कोणी सांगितलेलें नसेल. त्या दिवशीं आपल्या स्वच्छ आवाराचा त्यास काय उपयोग? आपण धोका काढून टाकला नाहीं, फक्त ओळख काढून टाकली, असें होईल.

म्हणून माझी सूचना अशी आहे. वरच्या वर्गांच्या बागेंत, कुंपण घातलेल्या एका वाफ्यांत, दोन-तीन एरंड मुद्दाम लावावे. शेजारीं पाटी असावी. तीवर नांव, मूळ देश व 'बी विषारी' हे शब्द मोठ्या अक्षरांत असावे. बिया शिक्षकांनीं मोजून द्याव्या व उरलेल्या मोजून परत घ्याव्या. घोस पाहून, त्याचें चित्र काढून झालें कीं फळें हिरवीं असतांच शिक्षकांनीं तीं हातमोजे घालून कापावीं. वाळून तडकूं देऊं नयेत. वाफ्यांत काम झाल्यावर हात धुवावे. ज्यांस पराग किंवा बियांची धूळ सोसत नाहीं, त्यांस दूर ठेवावें. यांत दगदग आहे हें मी जाणतों. परंतु ज्या शिक्षणांत दगदग मुळींच नाहीं, तें मुलाच्या अंगीं फार दिवस टिकत नाहीं.

शिवाय ज्या झाडाची आपण थट्टा केली, त्याची योग्यता जगानें ओळखली आहे. रॉकेल येण्यापूर्वीं पुष्कळ घरांत एरंडेलाचा दिवा जळे. १९१४ च्या महायुद्धांत कित्येक विमानांच्या फिरत्या इंजिनांस वंगण म्हणून हेंच तेल घालीत. फ्रान्समध्यें या तेलापासून एका जातीचें नायलॉन काढण्यांत आलें. जगांतील एरंडीच्या तेलाचा बहुतेक पुरवठा आज भारत करतो, व त्यांत गुजरातचा वाटा सर्वांत मोठा आहे. १९६८ सालीं तेथेंच एरंडीची संकरित जात निघाली व उत्पन्न वाढलें. ज्यास आपण ओसाड गांवचा बळी म्हटलें, त्यानें आपल्या शेजारच्या शेतकऱ्यास संपन्न केलें. कारण त्या शेतकऱ्यानें त्यास कमी लेखलें नाहीं, आणि त्याच्या विषाचा विसरहि पडूं दिला नाहीं.

पालकांस माझी विनंती इतकीच कीं, येत्या रविवारीं मुलाचा हात धरून नदीकांठीं किंवा टेकडीच्या पायथ्याशीं जावें व त्यास एरंड दाखवावा. पान त्याच्या हाताशीं जुळवून पाहूं द्यावें, घोस दुरून दाखवावा, बी दाखवून ती तोंडांत कां घालूं नये तें कारणासह सांगावें. आणि विद्यार्थिमित्रांनो, घरीं धाकटें भावंड असेल तर परत आल्यावर हीच गोष्ट तुम्हीं त्यास सांगावी. तीं बहुधा वडिलांपेक्षां तुमचें अधिक ऐकतात.