वाडा विकणे आहे

पुण्याच्या पेठेतला जुना वाडा विकायला निघाला की त्याचे फोटो हातोहात फिरतात. सागवानी खांब, कोरीव महिरप, चौकात तुळशीवृंदावन, ओटीवर झोपाळा. खाली किंमत, कोटीत. बघणारे हळहळतात. असला वाडा पुन्हा होणे नाही म्हणतात. आणि मित्रांनो, त्या हळहळणाऱ्यांत आता आपलीही पोरं आहेत. शिकली, नोकरीला लागली, पगार बरा झाला, आणि दुसऱ्याच्या आठवणींचे कढ यांना यायला लागले.

वाडा देखणा नाही असं मी म्हणणार नाही. ते खोटं होईल. तो सागवान ज्यानं तासला, तो दगड ज्यानं घडवला, त्याचा हात देखणा होता. सुतार, पाथरवट, बेलदार, चुना मळणाऱ्या बाया. त्यांची नावं दरवाजावरच्या पाटीवर नाहीत. पाटीवर मालकाचं नाव. सौंदर्य कष्टकऱ्याचं आणि वारसा मालकाचा, हा हिशोब कुणी ठरवला?

जाहिरातीतला फोटो नेहमी पुढच्या दरवाजातून काढलेला असतो. दिंडी, देवडी, चौक, सोपा, माजघर. आता जरा मागे चला. मागे बोळ होती. त्या बोळीत टोपलीचे संडास होते. माणसाच्या डोक्यावरून ती घाण जायची. पुढच्या चौकात जितकं सोवळं, तितकं मागच्या बोळीत ओझं. ही बोळ नसती तर तो चौक चार दिवस राहण्याजोगा उरला नसता. डोक्यावरून मैला वाहण्याविरुद्धचा कायदा व्हायला या देशाला 1993 साल उजाडावं लागलं, आणि तो पुरला नाही म्हणून 2013 साली दुसरा करावा लागला. वाड्याच्या किमतीत ही बोळ धरलेली नसते. चौरस फुटात मात्र धरलेली असते.

पेशवाईतल्या पुण्यात अस्पृश्यांवर काय बंधनं होती ते बाबासाहेबांनी 1936 साली लिहून ठेवलंय. कमरेला झाडू, गळ्यात मडकं. ज्या काळाच्या कोरीव खांबावर आपण भाळतो, त्याच काळाचं ते मडकं आहे. खांब जपून ठेवला. मडकं कुठाय?

शनिवारवाडा जळाला, विश्रामबागवाडा उभा आहे. दुसऱ्या बाजीरावानं तो 1807 च्या सुमारास बांधला. पेशवाई बुडाली, आणि 1821 साली इंग्रजांनी त्याच वाड्यात संस्कृत पाठशाळा काढली. शिकणारे कोण, हे सांगायला नको. सत्तावीस वर्षांनी, 1848 साली, तिथून हाकेच्या अंतरावर भिडेवाड्यात जोतीराव आणि सावित्रीबाईंनी मुलींची शाळा काढली. दोन्ही वाडेच. एकाची डागडुजी झाली, पाट्या लागल्या, लोक फिरायला येतात. दुसरा मालक, भाडेकरू आणि कोर्टकचेऱ्यांत वर्षानुवर्षं कुजत पडला. सर्वोच्च न्यायालयापर्यंत प्रकरण गेलं. डिसेंबर 2023 मध्ये महापालिकेनं रातोरात तो पाडला, कारण पाडण्याशिवाय त्यात काही उरलंच नव्हतं. आता तिथं स्मारक करायचं ठरलंय. स्मारक व्हावं. पण सावित्रीबाईंनी ज्या भिंतींआड फळ्यावर लिहिलं त्या भिंती गेल्या, हे विसरू नका. वारशाचे कढ येणारे तेव्हा कुठे होते?

आणि वाडा कसा असावा हे बघायचं असेल तर गंज पेठेत जा. फुलेवाडा. छोटासा, बैठा. 1868 साली जोतीरावांनी आपल्या घरचा पाण्याचा हौद अस्पृश्यांना खुला केला. कात्रजच्या तलावातलं पाणी भुयारी नळांनी पुण्यातल्या हौदांत येत होतं शंभरावर वर्षं. पाणी होतं, हौद होते. पण आपला हौद सगळ्यांना मोकळा करणारा मालक शहराला तेव्हा मिळाला. घराची किंमत लाकडावर करायची की पाण्यावर, सांगा.

आता घर विकत घेण्याची एक गोष्ट. 1917 साली बाबासाहेब अमेरिका, इंग्लंड करून बडोद्याला नोकरीवर गेले. एवढ्या मोठ्या शहरात त्यांना खोली मिळेना. पारशाच्या धर्मशाळेत पारशी नाव सांगून राहिले. अकराव्या दिवशी लाठ्या घेतलेला जमाव दारात उभा. बॅरिस्टर व्हायच्या आधीचा तो तरुण बागेत बसून रडला आणि बडोदा सोडून मुंबईला परतला. चारच वर्षांनी, 1921-22 साली, तो लंडनमध्ये किंग हेन्रीज रोडवर 10 नंबरच्या घरात राहत होता. हे घर 2014 साली विक्रीला निघालं. तिथल्या आंबेडकरी लोकांनी पाठपुरावा केला, आणि 2015 साली महाराष्ट्र सरकारनं ते 30 लाख पौंडांच्या आसपास किंमत देऊन घेतलं. पुढे काय झालं? शेजाऱ्यांच्या तक्रारी. येणाऱ्या-जाणाऱ्यांची वर्दळ होते म्हणे. कॅमडेनच्या नगरपालिकेनं 2018 साली संग्रहालयाला परवानगी नाकारली. राहत्या घराची जागा कमी होते, हे कारण. चौकशी बसली, आणि मार्च 2020 मध्ये ब्रिटिश सरकारनं परवानगी दिली. त्या गल्लीत तशी घरं रांगेनं आहेत. त्यातलं हेच घर आपलं का? विटांमुळे नाही. त्यात कोण बसून वाचत होता, त्यामुळे.

पण बाबासाहेबांचं घर म्हटलं की लंडन आणि राजगृह एवढंच आठवायचं का? परळच्या बीआयटी चाळीत, 50 आणि 51 नंबरच्या खोल्यांत, ते वीसेक वर्षं राहिले. त्या चाळी प्लेगनंतर 1898 साली नेमलेल्या सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्टच्या. कोरीव खांब नाही, झोपाळा नाही, सामाईक संडास. महाडच्या चवदार तळ्याचा लढा 1927 साली झाला तेव्हा त्यांचा पत्ता हा होता. वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्गावरच्या बीडीडी चाळी तशाच. 160 चौरस फुटांच्या खोलीत अख्खं कुटुंब, आणि जिन्याखाली चळवळ. त्या आता पडतायत. 500 चौरस फुटांचं घर मिळतंय, ऑगस्ट 2025 मध्ये वरळीत पहिल्या 556 घरांच्या किल्ल्याही दिल्या. चांगलं झालं. माणसाला संडास घरात हवा, यात रडण्यासारखं काही नाही. पण चाळ पडताना तिचे फोटो कोण काढतंय? खोली नंबर, कुणाची बैठक कुठे भरायची, कोण कुठे पडला, हे कोण लिहून ठेवतंय? आपणच नाही तर कुणी नाही.

आणि श्रीपूरची गोष्ट तर याहून साधी. हे साखर कारखान्याचं गाव. हंगाम लागला की ऊसतोड कामगारांच्या कोप्या पडतात. बांबू, पाचट, ताडपत्री. पट्टा पडला की कोपी मोडते, गाडीवर चढते. हिला दरवाजाच नाही, मग विकायचं काय? पेठेतल्या वाड्यात चहात पडणारी साखर मात्र इथूनच जाते.

कुणी म्हणेल, झालं गेलं, लाकडानं काय पाप केलं? अगदी खरं. लाकडावर राग नाही. राग आहे तो उंबऱ्यावर, जो अजून तिथंच आहे. वाडा पडला, टॉवर झाला, उंबरा लिफ्टनं वर गेला. आडनाव विचारतात. मटण खाता का विचारतात. मग ब्रोकर म्हणतो, रूम कालच गेली. 2005 साली सर्वोच्च न्यायालयानं एका पारशी गृहनिर्माण संस्थेच्या प्रकरणात ठरवलं, की संस्था आपल्याच समाजाच्या माणसांना सभासद करायचा नियम ठेवू शकते. मात्र 1955 चा नागरी हक्क संरक्षण कायदा अजून जिवंत आहे. अस्पृश्यतेच्या कारणावरून कुणाला कुठल्याही वस्तीत घर घेण्यापासून किंवा राहण्यापासून अडवणं हा त्यात गुन्हा आहे. किती जणांना ठाऊक आहे? किती जणांनी ठाण्यात जाऊन तो कलमासकट सांगितलाय?

तेव्हा मित्रांनो, वाडे बघा. जरूर बघा. पण मागच्या बोळीतून आत शिरा. वाडा सरकारी पैशानं जपला तर त्याच्या पाटीवर बोळ आणि मडकंही लिहायला लावा. चाळ पडायच्या आत तिची वही करा. खोली नाकारली तर गप्प परत येऊ नका, तारीख-वेळ टिपा, साक्षीदार ठेवा, तक्रार करा. देखण्या दरवाजाचं कौतुक मग करू. तो आधी उघडू दे.