हजेरीपटावरून गळालेलीं नांवें

शाळेच्या वार्षिक अंकांत दहावीच्या वर्गानें निरोपाचा एक लेख लिहावा, असा प्रघात फार जुना आहे. त्या लेखांत गुरुजनांचे आभार असतात, सहलींच्या व स्नेहसंमेलनांच्या आठवणी असतात, आणि शेवटीं आम्ही एकमेकांस कधींही विसरणार नाहीं, असें एक आश्वासन असतें. हा प्रघात वाईट आहे असें कोणीही म्हणणार नाहीं. परंतु हें आश्वासन आपण नेमकें कोणास देतों, याचा विचार क्वचितच होतो. जे समोर बसलेले असतात, त्यांस तें दिलें जातें. जे आपल्याबरोबर वर्गांत आले, पण आपल्याबरोबर बाहेर पडले नाहींत, त्यांचा त्यांत नामनिर्देशही नसतो. प्रस्तुत लेखाचें म्हणणें एवढेंच आहे कीं, त्यांस वगळून सांगितलेला वर्गाचा वृत्तांत अपुरा होय. आणि तो पुरा करण्याचा भार आम्हां सहाध्यायांवरच आहे.

आमचा वर्ग जून 2019 मध्यें पाचवींत एकत्र आला. भिवंडीसारख्या गांवांत वर्ग एकत्र येतो म्हणजे काय होतें, हें परगांवच्या मनुष्यास सहसा कळावयाचें नाहीं. हातमागाच्या काळापासून ही विणकरांची वस्ती. विसाव्या शतकांत येथें यंत्रमाग आले, आणि त्यांच्या मागोमाग उत्तर प्रदेशांतून, बिहारांतून व तेलुगू मुलखांतून कामकरी कुटुंबें आलीं. त्यामुळें एका बाकावर घरीं आगरी बोली बोलणारा, त्याच्या शेजारीं कोंकणी मुसलमानाच्या घरचा, मागें पद्मानगरांतील तेलुगू विणकराची मुलगी, तर पुढें भोजपुरी बोलणाऱ्या मागवाल्याचा मुलगा, अशी आमची पंगत बसली होती. पहिल्या दिवसांत एकमेकांच्या उच्चारांस हंसण्यांतच आम्हांस मोठी मौज वाटे. पुढें त्या हंसण्याची जागा ओळखीनें घेतली, आणि ओळखीची जागा स्नेहानें. कोणाच्या डब्यांत कोणत्या सणाला काय येतें, हें आम्ही दिनदर्शिका न पाहतां सांगूं लागलों.

या गोष्टीचें मोल वाचकांस क्षुल्लक वाटूं नये. आमच्या गांवानें 1970 सालीं आणि पुन्हा 1984 सालीं भयंकर दंगली पाहिल्या आहेत. घरोघरच्या वडील माणसांस ते दिवस अजून आठवतात, आणि त्यांविषयीं बोलतांना त्यांचा आवाज आपोआप खालीं येतो. परंतु त्याच गांवानें दुसरेंही एक दृश्य दाखविलें. 1988 नंतर तत्कालीन पोलीस अधिकारी श्री. सुरेश खोपडे यांनीं मोहल्ल्या-मोहल्ल्यांतून समित्या स्थापन केल्या. त्यांत दोन्ही समाजांचीं साधीं माणसें नियमानें एकत्र बसत, आणि नळाचे, गटाराचे, शेजाऱ्याशेजाऱ्यांतील तंट्याचे प्रश्न बोलून मिटवीत. पुढें डिसेंबर 1992 व जानेवारी 1993 मध्यें मुंबई शहर पेटलें असतां भिवंडी शांत राहिली. संकट आल्यावर ओळख करून घेऊं म्हटल्यास तितका अवकाश मिळत नाहीं. ती आधींच असावी लागते, हा त्यांतला धडा होय. शाळेचा वर्ग ही अशीच एक समिति आहे. येथें सहा वर्षें रोज पांच-सहा तास एकत्र बसावें लागतें. मोठ्या माणसांच्या कोणत्याही समितीस इतका सहवास लाभत नाहीं.

पण समितींतील माणसेंच एकेक करून उठून गेलीं तर समिति राहणार कशी? आमच्या वर्गाचें नेमकें तेंच झालें.

मार्च 2020 मध्यें कोरोनाच्या साथीमुळें शाळा बंद झाल्या, तेव्हां आमच्या एकत्र येण्यास एक वर्षही पुरें झालें नव्हतें. माग थांबले. मे 2020 च्या आरंभीं भिवंडी रोड स्थानकावरून गोरखपूरकडे मजुरांची विशेष गाडी सुटली, ती साऱ्या देशानें वर्तमानपत्रांत पाहिली. आम्हांस मात्र अशा गाड्यांतून गेलेल्या कुटुंबांत आपला बाकसोबतीही होता, हें पुष्कळ दिवसांनीं समजलें. सहावीचें सबंध वर्ष आणि सातवीचा बराच काळ शाळा भ्रमणध्वनीच्या पडद्यावर भरली. ज्या घरांत एकच यंत्र आणि शिकणारीं मुलें तीन, तेथें कोणाची शाळा भरली आणि कोणाची बुडाली, हें सांगावयास नको. पुन्हा वर्गांत बसण्याचा दिवस आला तेव्हां हजेरी घेतांना कांहीं नांवांवर उत्तर आलें नाहीं. गुरुजी क्षणभर थांबत व पुढचें नांव वाचीत. कांहीं दिवसांनीं तें थांबणेंही बंद झालें.

गळती मात्र तेथें थांबली नाहीं. आठवी संपली आणि तिला नवें कारण मिळालें. मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा 2009 चा कायदा 1 एप्रिल 2010 पासून अमलांत आला. परंतु त्याचें छत्र सहा ते चौदा वर्षांच्या मुलांपुरतें, म्हणजे आठवीपर्यंतच आहे. नववीच्या उंबरठ्यावर तें छत्र संपतें, आणि नेमक्या त्याच वयांत मुलाचे हात कामाजोगे होतात. मग कोणी मागावर कांडी भरावयास बसतो; कोणी काल्हेर-पूर्णा-मानकोलीच्या बाजूच्या गोदामांत खोकीं उचलावयास जातो; आणि मुलगी असली तर धाकट्या भावंडांस सांभाळण्याकरितां घरीं राहते, पुढें तिच्या लग्नाचीं बोलणीं सुरू होतात. यांपैकीं कोणीही आळसानें वा मतिमंदतेनें शाळा सोडिली नाहीं. आमच्या वर्गांत गणितांत ज्याचा हात धरणारा कोणी नव्हता, तो आज कोठें आहे असें विचारल्यास वर्गांतील निम्म्या मुलांस खालीं पाहावें लागेल.

येथें एक आक्षेप येईल. कोणी म्हणेल, "ज्याचें त्याचें नशीब, शिवाय हें काम सरकारचें व शाळेचें, पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांनीं यांत काय करावें?" आक्षेप अगदींच पोकळ नाहीं. कुटुंबाची भाकरी ज्याच्या मजुरीवर अवलंबून आहे, त्यास आमच्या गोड शब्दांनीं कांहीं मिळणार नाहीं. आणि दारिद्र्य हटविण्याची शक्ति आमच्या अंगीं नाहीं, हें आम्ही जाणतों. पण मजुरी करीत असतांही परीक्षा देण्याचा मार्ग आपल्या राज्यांत खुला आहे, हें त्यांतल्या कित्येकांस ठाऊकच नाहीं. राज्य मंडळाच्या सतरा नंबरच्या फॉर्मानें खासगी विद्यार्थी म्हणून दहावीस बसतां येतें. वयाचीं चौदा वर्षें पुरीं झालेलीं असावीत, निदान पांचवी उत्तीर्ण असावें, शाळा सोडल्याचा दाखला जवळ असावा, आणि अर्ज परीक्षेच्या कित्येक महिने आधीं, ठरलेल्या मुदतींत भरावा, एवढ्याच त्यांतल्या मुख्य अटी. जे परीक्षेस बसून नापास झाले, त्यांस पुरवणी परीक्षा आहे. सरकारनें दार उघडें ठेविलें, तरी तें कोणत्या भिंतींत आहे हें दाखविणारा मनुष्य लागतोच. आणि तो मनुष्य त्याच्या ओळखीचा, त्याच्या गल्लींत जाण्यास न लाजणारा, त्याच्यावर उपकार न मिरविणारा असा असावा लागतो. सहाध्यायाहून योग्य असा मनुष्य दुसरा कोण मिळणार?

स्नेह टिकतो तो आठवणींनीं नव्हे, तर समान कार्यानें, याचें एक उदाहरण आपल्याच इतिहासांत आहे. मुंबई विद्यापीठाची स्थापना 1857 सालीं झाली, आणि 1862 सालीं त्याचे पहिले पदवीधर बाहेर पडले. महादेव गोविंद रानडे, रामकृष्ण गोपाळ भांडारकर, बाळ मंगेश वागळे व वामन आबाजी मोडक हे ते चौघे. पुढें एक न्यायाधीश झाला, एक संस्कृताचा जगन्मान्य पंडित, एक वकील, तर एक अध्यापक. चौघांच्या वाटा निराळ्या झाल्या. तरी 1867 मध्यें मुंबईस प्रार्थनासमाज स्थापन झाला, त्याच्या कार्यांत या चौघांचींही नांवें एकत्र आढळतात. वर्ग सुटला, पण काम सुटलें नाहीं. आम्ही त्यांच्या योग्यतेचे नाहीं, हें सांगावयास नकोच. तथापि काम लहान घेतलें म्हणून रीत बदलत नाहीं.

आमच्या शाळेच्या प्रार्थनेच्या वेळीं शुभवर्तमानांतील हरवलेल्या मेंढराचा दृष्टांत अनेकदां वाचला गेला आहे. शंभरांतील एक हरवलें म्हणून मेंढपाळ नव्याण्णवांस रानांत सोडून त्या एकाच्या शोधास निघतो. लहानपणीं हा हिशेब आम्हांस चुकीचा वाटे. नव्याण्णव सुरक्षित असतां एकासाठीं एवढी पायपीट कशास, असें मनांत येई. आतां त्याचा अर्थ थोडाफार उमगूं लागला आहे. जेथें एक हरवलें तरी चालतें, तेथें उरलेल्या नव्याण्णवांतील कोणासही स्वतःच्या सुरक्षिततेची खात्री बाळगतां येत नाहीं. आज तो, उद्यां मी. आणि ही शिकवण एकाच धर्माची आहे असेंही नाहीं. आमच्या बाकावरील प्रत्येकाच्या घरीं ती निराळ्या शब्दांत सांगितली जाते.

म्हणून आमच्या वर्गापुढें, आणि आमच्या मागून येणाऱ्या प्रत्येक वर्गापुढें, एक साधी सूचना ठेवावीशी वाटते. निरोपसमारंभाच्या दिवशीं दहावीच्या हजेरीपटाबरोबर पांचवीचा हजेरीपटही काढावा, आणि दोन्ही शेजारीं ठेवून वाचावे. जीं नांवें एकांत आहेत व दुसऱ्यांत नाहींत, तीं आपसांत वांटून घ्यावीं. एकेका नांवामागें दोघेजण पुरेत. त्यांच्या घरीं जावें, प्रकृति विचारावी, चहा घ्यावा. जुनीं पुस्तकें व वह्या त्यांस द्याव्या, सतरा नंबरचा अर्ज भरावयास त्यांच्यासमवेत जावें, आणि रविवारीं तासभर गणित व इंग्रजी बसवून घ्यावें. दहांपैकीं आठ ठिकाणीं नकार मिळेल, असें धरून चालावें. उरलेल्या दोघांनीं जरी परीक्षा दिली, तरी आमच्या निरोपसमारंभाच्या हारतुऱ्यांपेक्षां तें अधिक शोभेल.

पालकांस लहान तोंडीं एक विनंति आहे. आपलें मूल मागवाल्याच्या वा हमालाच्या घरीं जाऊन शिकवितें म्हणून त्यास अडवूं नये. त्यांत त्याचा अभ्यास बुडत नाहीं, उलट तो पक्का होतो. आणि ज्या घरांत मुलीची शाळा थांबली आहे, तेथील वडीलधाऱ्या मंडळीनें तिचें वय अठरा होईपर्यंत लग्नाचा विषय बाजूस ठेवून तिला निदान दहावीची परीक्षा तरी देऊं द्यावी. कायदाही तेंच सांगतो, आणि मुलगीही मनांतून तेंच मागत असते. ती बोलत नाहीं, इतकेंच.

आम्ही 2025 सालीं दहावीची परीक्षा दिली. आमच्यांतील कोणी मुंबईच्या महाविद्यालयांत जाईल, कोणी ठाण्याच्या तंत्रनिकेतनांत, कोणी येथेंच राहील. वर्गाचें छायाचित्र प्रत्येकाच्या घरीं लागेल. त्यांत उभे असलेल्या मुलांमध्यें जागा शिल्लक दिसत नाहीं, कारण छायाचित्रकार सर्वांस जवळ जवळ उभे करतो. परंतु ती जागा आहे, आणि ती कोणाची, हें आम्हांस नांवानिशीं ठाऊक आहे. तीं नांवें विसरलीं जाण्यापूर्वीं त्यांच्या दारापर्यंत जाणें, एवढें तरी या वर्गाकडून घडो.

— इयत्ता दहावींतील एक विद्यार्थिनी