दाबोळी नावापुरता उरू नये

दाबोळी विमानतळ बंद करण्याचा आदेश कोणी काढलेला नाही आणि कदाचित काढणारही नाही. खरा धोका तोच आहे. आदेश निघाला असता तर सासष्टी आणि मुरगावचे लोक दुसऱ्या दिवशी रस्त्यावर आले असते. पण एक विमानसेवा या हंगामात गेली, दुसरी पुढच्या हंगामात गेली, तिसरीचे नाव वेळापत्रकातून गळले, असे होत विमानतळ ओस पडला तर आंदोलन कोणत्या तारखेला करायचे? म्हणून, हाताशी अजून बरेच काही आहे तोवर हे लिहितो आहे.

भारताने गोव्याची नाकेबंदी केली तेव्हा पोर्तुगीज राजवटीने दाबोळीच्या पठारावर धावपट्टी बांधली आणि १९५५ साली इथून कराची, दमण, दीवकडे विमाने जाऊ लागली. १८ डिसेंबर १९६१ रोजी भारतीय हवाई दलाच्या कॅनबेरा विमानांनी याच धावपट्टीवर बॉम्ब टाकले. त्या रात्री तिची घाईघाईने डागडुजी करून दोन पोर्तुगीज विमाने कराचीकडे निसटली. दुसऱ्या दिवशी गोवा मुक्त झाला. १९६४ साली नौदलाचा ‘आयएनएस हंस’ हा तळ सुलूरहून इथे आला. तेव्हापासून धावपट्टी नौदलाची आणि एका बाजूला नागरी विमानतळ, अशी ही व्यवस्था आहे.

या व्यवस्थेत अडचणी होत्या, आजही आहेत. सोमवार ते शुक्रवार सकाळी साडेआठ ते दुपारी एकपर्यंतची वेळ वर्षानुवर्षे नौदलाच्या सरावासाठी राखलेली. तरीही १९८७ साली कॉन्डोर या जर्मन कंपनीचे पहिले चार्टर विमान इथेच उतरले आणि गोव्याच्या पर्यटनाचे चित्र पालटले. कोलवा, बाणावली, मोबोरची हॉटेले या धावपट्टीच्या भरवशावर उभी राहिली. २०१३ साली नवी प्रशस्त टर्मिनल इमारत झाली. विमानात थेट नेणारे पूल आले, पुढे इमारतीचा विस्तारही झाला. जवळच दाबोळी रेल्वे स्थानक, पलीकडे मुरगाव बंदर. एवढे सगळे एका ठिकाणी असलेला विमानतळ पुन्हा उभारायचा ठरवला तर किती पिढ्या लागतील?

जानेवारी २०२३ मध्ये उत्तर गोव्यातल्या मोपा या नव्या विमानतळाहून उड्डाणे सुरू झाली. ओमान एअर तिकडे गेली, एअर इंडियाची लंडन सेवा गेली, जून २०२४ मध्ये कतार एअरवेजही गेली. मोपा नको असे माझे म्हणणे नाही. पेडणे, बार्देश, सावंतवाडी, दोडामार्गच्या लोकांची त्यामुळे सोय झाली आणि त्याचा आनंदच आहे. पण उत्तरेला मिळाले म्हणून दक्षिणेचे काढून घ्यायचे, हा न्याय नव्हे. काणकोण, सांगे, केप्याच्या माणसाला मोपा गाठायचा म्हणजे अख्खा गोवा ओलांडायचा. सासष्टीतले किती तरी संसार आखातातल्या नोकरीवर आणि बोटीवरच्या पगारावर चालतात. सुट्टीवर येणाऱ्या त्या तारवट्याला विमानातून उतरल्यावर पुन्हा दीड-दोन तासांचा प्रवास आणि टॅक्सीचे भाडे कशासाठी? टॅक्सीवाले, मोटारसायकल पायलट, सामान उचलणारे, गाडेवाले, चिखली-वास्कोतले छोटे लॉजवाले यांनी तर आपले आयुष्यच दाबोळीच्या फाटकापाशी बांधले आहे.

पैशाचे गणितही समजून घेतले पाहिजे. मोपा खासगी कंपनी चालवते आणि निविदेतल्या करारानुसार तिच्या महसुलातला ३६.९९ टक्के वाटा राज्य सरकारचा आहे. दाबोळीचा नागरी भाग केंद्राच्या विमानतळ प्राधिकरणाकडे आहे. ज्या विमानतळातून आपल्या तिजोरीत थेट वाटा येतो, त्याच्याकडे सरकारचा कल झुकणे स्वाभाविक आहे. म्हणूनच तोंडी आश्वासनावर विसंबून चालणार नाही.

लोकांच्या रेट्याने निर्णय बदलतात, हे दाबोळीनेच दाखवले आहे. २००० साली मोपाला तत्त्वतः मंजुरी देताना दाबोळीची नागरी वाहतूक थांबवण्याची अट होती. गोमंतकीयांनी आवाज उठवला आणि २०१० साली केंद्राने ती अट मागे घेतली. तेव्हा विमानतळ कागदावर वाचला. आता तो धावपट्टीवर वाचवायचा आहे.

त्यासाठी आपल्या मागण्या नेमक्या हव्यात. दोन्ही विमानतळांवर किती आंतरराष्ट्रीय सेवा राहतील याचे धोरण राज्य सरकारने लेखी जाहीर करावे. नौदलाशी बोलून सकाळच्या काही वेळा नागरी विमानांसाठी मिळवाव्यात. मडगाव, काणकोण, कुडचड्याहून थेट कदंब बस सुरू व्हावी आणि दाबोळी स्थानकावर गाड्यांना थांबे मिळावेत.

काही काम आपल्याही हातात आहे. तिकीट काढताना कोड पाहा: ‘जीओआय’ म्हणजे दाबोळी, ‘जीओएक्स’ म्हणजे मोपा. दक्षिण गोव्यात राहत असाल तर ‘जीओआय’ निवडा, आखातातल्या आणि परदेशातल्या नातेवाइकांनाही तेच सांगा. प्रवासी असतील तर विमान कंपनी उठून जात नाही. येत्या ग्रामसभेत दाबोळीचा ठराव मांडा, तो आमदार आणि खासदारांना पाठवा, आणि मते मागायला येणाऱ्या प्रत्येकाला विचारा: पाच वर्षांनी दाबोळीहून किती विमाने उडतील? आकडा न देणाऱ्याला तसेच परत पाठवा.