सुट्टी आणि घरातलं पिल्लू

मैत्रिणींनो, परीक्षा संपल्या की मुलं कुत्र्याच्या पिल्लासाठी हट्ट धरतात, आणि इकडे आपली मे महिन्यात माहेरी जायची तयारी! तेव्हा आधी पिल्लाचं वय विचारा. तिसऱ्या आठवड्यापासून साधारण १२-१४ व्या आठवड्यापर्यंत जे ते पाहतं-ऐकतं, ते त्याला आपलंसं वाटतं. नेमके हेच दिवस कोंडून काढले, तर पुढे ते भित्रं नाहीतर चावरं निघण्याचा संभव फार.

शेजारच्या वहिनींकडे ठेवणार असाल, तर आठवडाभर आधीपासून रोज घटकाभर त्यांच्याकडे न्या, त्यांच्याच हातून खाऊ द्या. सोबत तुमच्या जुन्या सुती साडीचा तुकडा ठेवा. संध्याकाळी कुणीतरी त्याला कडेवर घेऊन गुलमंडीपर्यंत चक्कर मारावी. रिक्षांचे भोंगे, हेल्मेटवाले, आजोबांची काठी, सगळं त्याला दिसू दे. रस्त्यावर मात्र सोडायचं नाही. पार्व्हो-डिस्टेंपरच्या लशी सहा-आठ आठवड्यांपासून सोळाव्यापर्यंत टप्प्याटप्प्यानं द्याव्या लागतात. रेबीजची तीन महिन्यांचं झाल्यावर.

आपल्या संभाजीनगरात मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो. गच्चीवर पत्र्याखाली बांधून "बघतील शेजारी" म्हणत निघून जाणं मला तरी पटत नाही. सांभाळणारं खात्रीचं माणूस नसेल, तर पिल्लू सरळ जूनमध्ये आणा. मुलं चार दिवस रुसतील, रुसू देत.