आधी उतार, मग चढ

मंडळी, परवा पुण्याहून भाच्याचा फोन आला. ऐन पावसाळ्यात मित्रांबरोबर सांधण दरीत जातोय म्हणे. मी नको म्हणालो तर म्हणतो, "मामा, तुम्ही तर अमेरिकेतली दरी उतरून आलात, मग मलाच का अडवता?"

आता खरं सांगतो. मी ती दरी उतरलोच नाही. २०१९च्या ऑक्टोबरात मुलाबरोबर ग्रँड कॅन्यनला गेलो होतो. मी हिंगोलीकडचा माणूस, आमच्याकडे सगळा काळा पाषाण. विहीर खणताना मधेच लाल पट्टा लागतो, तेवढाच लाल दगड पाहिलेला. तिथे मात्र नजर जाईल तिकडे लालच लाल! त्यातली 'रेडवॉल' नावाची उंच भिंत मुळात करड्या चुनखडीची. वरच्या थरांतलं लोह पाण्याबरोबर ओघळून ती लाल झाली. गंमतच की नाही?

डोंगरावर आपण आधी दमतो, मग उतरतो. दरीत उलटं. पाय आपोआप चालतात आणि चढ नंतर वाट बघत असतो. उतरायला एक तास लागला तर चढायला दोन धरा, आणि काठापासून नदीपर्यंत जाऊन एका दिवसात परत यायच्या फंदात पडू नका, असं तिथलं उद्यान खातंच सांगतं. ब्राइट एंजल वाटेवर दीड मैलाच्या निवाऱ्यापाशी, साधारण ११०० फूट खाली, मी थांबलो. "बाबा, अजून थोडं..." मुलगा म्हणाला. मन माझंही ओढत होतं. पण वळलो. वर येताना प्रत्येक वळणावर बसावं लागलं, तेव्हा पटलं.

त्याच ॲरिझोना राज्यात अँटिलोप कॅन्यनच्या अरुंद घळीत १२ ऑगस्ट १९९७ला ११ पर्यटक लोंढ्यात गेले. पाऊस पडला होता कित्येक मैल दूर. सांधणही तशीच अरुंद, पावसात तिच्यातून पाणी वाहतं. डोक्यावरचं आभाळ निरभ्र आहे म्हणून भागत नाही.

शाळेत आम्ही पूर्ण सोडवलेल्या गणितालाच पैकीच्या पैकी दिले. कुठे थांबायचं ते कधी शिकवलं नाही. चूक आमचीच. अर्ध्यावरून परतणं म्हणजे हरणं नव्हे, असं माझं स्पष्ट मत.

असो. भाच्याला म्हटलं, दिवाळीनंतर जा. साम्रदपर्यंत मीही येतो, काठावर बसून तुमचे डबे सांभाळतो. अजून 'हो' म्हणालेला नाही. तुमचं ऐकत असेल तर तुम्हीही सांगा.