संमोहन कोणाच्या हाती?

संमोहन म्हटले की आपल्याकडील सुशिक्षित माणसाच्याही डोळ्यांसमोर गणेशोत्सवाचा मंडप उभा राहतो, आणि त्यातील रंगमंचावर कच्चा बटाटा सफरचंद समजून मिटक्या मारीत खाणारा आपल्याच आळीतील एखादा कारकून. या करमणुकीविषयी माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती ही की, या विद्येचे जे सर्वांत गंभीर आणि सर्वांत उपयुक्त क्षेत्र, म्हणजे इस्पितळातील वेदनाग्रस्त रुग्णाची खाट, तेथे तिला अद्याप रीतसर प्रवेश नाही. आणि दोन रविवारांत प्रमाणपत्र हाती ठेवणाऱ्या वर्गांतून मात्र तिचा मुक्त संचार बिनदिक्कत चालू आहे.

या विद्येचे खरे स्थान कोठे आहे हे पाहावयाचे असेल, तर अमेरिकेतील सिअ‍ॅटलच्या हार्बरव्ह्यू रुग्णालयातील जळीत केंद्राकडे वळावे लागते. वॉशिंग्टन विद्यापीठाच्या पुनर्वसन-वैद्यक विभागातील मानसशास्त्रज्ञ डेव्हिड पॅटरसन यांनी आपल्या कारकीर्दीचा मोठा भाग तेथील रुग्णांच्या सहवासात घालविला. ज्यांनी जळीत कक्षातील ड्रेसिंग पाहिले आहे त्यांना सांगावयास नको की, भाजण्याची वेदना एकदाच होते, परंतु जखमेवरील पट्ट्या सोडविणे, मृत कातडी घासून काढणे व पुन्हा पट्ट्या बांधणे ही यातना दररोज, घड्याळ लावून होते. आणि मॉर्फिनसारखे प्रबळ औषध देऊनही रुग्ण सिस्टरच्या ट्रॉलीचा आवाज कानी पडताच थरथरू लागतो. पॅटरसन यांची रीत अशी की, ड्रेसिंगच्या काही काळ आधीच रुग्णास भेटावे, त्यास श्वासाच्या व शब्दांच्या आधाराने स्वस्थ व एकाग्र अवस्थेत न्यावे, आणि पुढे ड्रेसिंगच्या वेळी सिस्टरचा हात खांद्यावर पडला की हीच स्वस्थता परत येईल, अशी सूचना त्याच्या मनात पेरून ठेवावी. १९९२ साली त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात रुग्णांचे तीन गट होते: एकास संमोहन, दुसऱ्यास नुसते लक्ष व माहिती, तिसऱ्यास नेहमीचेच उपचार. वेदना लक्षणीयरीत्या उतरली ती पहिल्याच गटाची, आणि ही गोष्ट रुग्णांनी सांगितली तशीच परिचारिकांच्या नोंदींतही उमटली. पुढील अभ्यासात असेही आढळले की, ज्यांच्या वेदना मुळातच अधिक तीव्र, त्यांनाच या उपायाचा लाभ अधिक. वेदनाशामक औषधे यांपैकी कोणाचीही बंद केलेली नव्हती, हे मुद्दाम सांगतो, कारण ‘औषधाशिवाय इलाज’ अशी पाटी लावणाऱ्यांना नेमकी तेवढीच बाब विसरण्याची सवय असते.

हा प्रकार आपल्या देशास अपरिचित आहे, असेही नाही. १८४५ च्या एप्रिलमध्ये बंगालमधील हुगळी येथे जेम्स एस्डेल या कंपनी सरकारच्या शल्यवैद्याने एका कैद्यावरील शस्त्रक्रियेच्या वेळी मेस्मरच्या पद्धतीचा, म्हणजे संमोहनाच्या पूर्वरूपाचा, प्रयोग केला, आणि पुढे त्याच रीतीने अनेक मोठ्या शस्त्रक्रिया केल्या. सरकारने चौकशी-समिती नेमली, तिचा अहवाल आला, आणि कलकत्त्यास त्यासाठी स्वतंत्र इस्पितळही उघडण्यात आले. कीर्ती एस्डेलला मिळाली. परंतु रुग्णाच्या अंगावरून तासन्‌तास हात फिरवीत बसण्याचे कंटाळवाणे काम बहुतांशी त्याच्या हाताखालील देशी सहायकांनी केले. १८४६ मध्ये बोस्टन येथे ईथरचा जाहीर प्रयोग झाला, पाठोपाठ क्लोरोफॉर्म आले, आणि काही मिनिटांत होणाऱ्या कामासाठी तास खर्ची घालण्यास कोणी तयार राहिले नाही. यात शल्यवैद्यांचे काही चुकले असे मला वाटत नाही. परंतु शस्त्रक्रिया एकदा होऊन संपते. तोडलेल्या पायाच्या जागी, जो पाय आता नाहीच त्यात उठणारी कळ, किंवा मज्जारज्जूच्या इजेनंतर वर्षानुवर्षे पोळणारी कंबर, यांवर क्लोरोफॉर्म हा उपाय नव्हे. पुनर्वसन-मानसशास्त्रज्ञाचे काम सुरू होते ते येथून.

वेदना ‘मनाचा खेळ’ आहे, असे म्हणणाऱ्याने १९९७ साली माँट्रियल येथील रेनव्हिल व त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेले संशोधन अवश्य पाहावे. उष्ण पाण्यात हात बुडविलेल्या संमोहित व्यक्तींना, चटका तेवढाच असला तरी त्याचा त्रास कमी वाटेल, अशी सूचना देताच मेंदूच्या ज्या भागाचा संबंध वेदनेच्या क्लेशकारकतेशी आहे तेथील हालचाल बदलली. चटक्याची नोंद घेणाऱ्या भागातील हालचाल मात्र तशी बदलली नाही. हा उपाय सर्वांवर सारखा चालत नाही, हेही खरे. काही थोडे लोक सहज संमोहित होतात, काही थोडे जवळजवळ होतच नाहीत, आणि बाकीचे बहुसंख्य या दोहोंच्या दरम्यान असतात.

आता ही विद्या कोणाच्या हाती असावी या मुद्द्याकडे येतो. आपल्याकडील जळीत कक्षात रुग्ण दाखल होतो तो बहुधा एकटा येत नाही. त्याच्या, आणि पुष्कळदा तिच्या, मागोमाग पोलिसांचे कागद येतात, जबाब नोंदविण्यासाठी दंडाधिकारी येतात, आणि जबाब देण्याइतकी शुद्ध रुग्णास आहे, असा डॉक्टरांचा दाखला लागतो. स्टोव्हचा भडका उडाला की कोणी रॉकेल ओतले, हा प्रश्न सासर व माहेर ही दोन्ही घरे खाटेच्या दोन बाजूंनी विचारीत असतात. संमोहित अवस्थेत माणसाची स्मृती अधिक अचूक होत नाही. उलट सुचविलेली गोष्टही त्यास आपलीच आठवण वाटू लागते, आणि तिच्यावरील त्याचा विश्वास मात्र दृढ होतो. म्हणून त्या खाटेशी बसणाऱ्या उपचारकाने ‘काय घडले’ हा प्रश्न संमोहनात चुकूनही विचारता कामा नये, आणि आपण केव्हा, किती वेळ व कोणत्या सूचना दिल्या, याची नोंद रुग्णाच्या कागदांत केली पाहिजे. एखाद्या हौशी संमोहनकाराने केवळ कुतूहलापोटी हा प्रश्न विचारला, तर त्या बाईचा जबाब न्यायालयात संशयास्पद ठरू शकतो. जे दुखणे एखाद्यास संमोहनावाचून हाताळता येत नाही, ते त्याने संमोहनानेही हाताळू नये, हा या क्षेत्रातील जुना दंडक मला शहाणपणाचा वाटतो. संमोहन हा स्वतंत्र पेशा नव्हे. ज्याच्याजवळ आधीच पेशा आहे त्याच्या हातातील ते एक हत्यार आहे.

असा पेशा आपल्या कायद्यास ठाऊक आहे. १९९२ च्या भारतीय पुनर्वास परिषद अधिनियमात पुनर्वसन-मानसशास्त्रज्ञाचा स्वतंत्र उल्लेख असून त्याच्यासाठी नोंदपट आहे. मुंबईत हाजी अली येथे १९५५ पासून पुनर्वसनाची अखिल भारतीय संस्था आहे. पुण्यास सैनिकांसाठी कृत्रिम अवयव केंद्र आणि खडकीस अर्धांगविकल जवानांचे पुनर्वसन केंद्र आहे. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमात मानसशास्त्रज्ञाचे पदही असते. परंतु त्याची गाठ सहसा मनोविकारांच्या बाह्यरुग्ण विभागातच पडते, आणि त्यास जळीत कक्षात किंवा अस्थिविभागात पाचारण करण्याचा शिरस्ता नाही. त्यासाठी नवे खाते उघडण्याची किंवा नवी इमारत बांधण्याची गरज नाही. पुनर्वसन-मानसशास्त्राच्या अभ्यासक्रमात वेदनाशमनासाठीचे संमोहन हा अनुभवी शिक्षकाच्या देखरेखीखाली शिकविला जाणारा सक्तीचा भाग करावा, खाटेभोवती एक पडदा व शेजारी एक खुर्ची द्यावी, आणि आरोग्य खात्याने एक साधे परिपत्रक काढून असे फर्मावावे की, मानसशास्त्रज्ञाने जळीत कक्षात यावयाचे ते सकाळी, ड्रेसिंगच्या आधी. दुपारी बाह्यरुग्ण विभाग आटोपल्यावर नव्हे.