मूत्रपिंडाचा विकार आणि वस्तीची वेस

मूत्रपिंडे निकामी झालेल्या रुग्णाला आठवड्यातून साधारणतः तीन वेळा, दर खेपेस सुमारे चार तास, डायलिसिस घ्यावे लागते. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत गरीब रुग्णाला हा उपचार निःशुल्क मिळू शकतो. २०१६ साली केंद्राने राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रमही जाहीर केला. परंतु एवढ्याने प्रश्न सुटला असे मानणे ही आत्मवंचना ठरेल.

अमेरिकेने १९७२ च्या कायद्याने जवळजवळ सर्वच नागरिकांच्या डायलिसिसचा भार उचलला. तरीही तेथील कृष्णवर्णीयांत मूत्रपिंडे निकामी होण्याचे प्रमाण गोऱ्यांच्या तिपटीहून अधिक राहिले आणि प्रत्यारोपणाच्या यादीत त्यांची नावे उशिरा लागत आली. यात आनुवंशिकतेचा वाटा आहे. पण तो अंशतःच. १९३० च्या दशकात सरकारी नकाशांवर लाल रंगाने दाखवलेल्या वस्त्यांना गृहकर्जे नाकारली गेली. तेथे दारिद्र्य साचले आणि चांगली वैद्यकीय सेवा दूर राहिली. उच्च रक्तदाब व मधुमेह वेळीच आवरले गेले नाहीत. शासनाचा पैसा आला तो रोगाच्या अखेरच्या पायरीवर.

आपल्याकडे वर्णाचे काम जात, धर्म आणि वर्ग करतात. गावकूस शहरात पुसले जाईल ही आशा फोल ठरली. १९८२ च्या संपानंतर गिरणगाव मोडले. १९९२-९३ च्या दंगलींनंतर अनेक मुस्लिम कुटुंबे मुंब्रा व मीरा रोडकडे गेली. २००५ साली सर्वोच्च न्यायालयाने अहमदाबादच्या एका गृहनिर्माण संस्थेचा, सभासदत्व एकाच समाजापुरते राखणारा उपविधी वैध ठरविला. देशातील सुमारे १५ लाख वस्त्यांच्या, २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मुस्लिम व अनुसूचित जातींच्या वस्त्यांत सरकारी शाळा व दवाखाने कमी आढळले. वेस अदृश्य झाली; नाहीशी झाली नाही.

मुंबईतील घरभाडे न परवडणारा श्रमिक दहिसरपलीकडे लोटला जातो. २०११ च्या जनगणनेत मीरा-भाईंदरची लोकसंख्या ८,०९,३७८ होती. भाईंदर पूर्वेच्या केबिन रोडवर भाड्याने राहणाऱ्या एखाद्या रोजंदारी कामगाराचा विचार करावा. पंडित भीमसेन जोशी रुग्णालय रुळांपलीकडे, पश्चिमेस, परळचे के. ई. एम. तीस किलोमीटरांहून दूर. मूत्रपिंडाचा विकार प्रारंभी दुखत नाही. जे दुखत नाही त्याच्या तपासणीसाठी एक रोज बुडविणे त्याला परवडत नाही. पाय सुजतात, धाप लागते, तेव्हा तो रुग्णालयात पोहोचतो. तोवर यंत्राखेरीज फारसा मार्ग उरलेला नसतो. त्याला निष्काळजी म्हणणे सोपे आहे, न्याय्य नाही.

म्हणून मागणी केवळ अधिक यंत्रांची असू नये. रक्तदाब, रक्तशर्करा, लघवीतील प्रथिने व रक्तातील क्रिएटिनिन यांच्या तपासण्या वस्तीतच, कामावरून सुटल्यानंतरच्या वेळी, विनामूल्य झाल्या पाहिजेत. कोणत्या प्रभागातील किती रुग्ण उशिरा आले, किती जणांनी डायलिसिस अर्ध्यावर सोडले, याची नोंद महापालिकेने दरवर्षी जाहीर करावी. आणि जातिधर्मावरून घर नाकारणे हा कायद्याने गुन्हा ठरावा. उपचाराचा हक्क कागदावर सर्वांना सारखा दिला, पण तेथवरची वाट वस्तीगणिक लांब ठेवली, तर त्याला समता म्हणता येत नाही.